पायावर धोंडा पाडून घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

करिअरचं वाटोळं कुणी केलं, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. साहेबांनी. साहेब चांगले असतील तर शेजारच्या टेबलावरच्या त्याने. तोही सज्जन निघाला तर मंदीने. या उत्तरांत मला एक व्यावहारिक अडचण दिसते. साहेबांना स्वतःची कामं असतात, त्यांच्या डोक्यावरही साहेब असतात. तुमचं नुकसान करायला त्यांना दिवसाकाठी दहा मिनिटं मिळाली तरी खूप. शेजारचा तर स्वतःचंच वाटोळं करण्यात इतका गुंतलेला असतो की तुमच्याकडे बघायला त्याला सवड नाही. हे काम चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, विनावेतन आणि मन लावून करेल असा माणूस एकच. त्याचा कर्मचारी क्रमांक तुम्हाला पाठ आहे.

लोक या प्रकाराला आळस म्हणतात, ते मला पटत नाही. आळशी माणूस आडवा होतो आणि त्याला झोप लागते. याला झोप लागत नाही. उद्या सकाळी मोठं प्रेझेंटेशन असताना हा रात्री साडेअकराला ड्रॉवरमधल्या चार्जरच्या वायरी लांबीनुसार लावत बसतो, जुन्या मेलना फोल्डर करून देतो, कीबोर्डच्या फटी साफ करतो. घाम गाळतो. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर आधी तो शोधावा लागतो, उचलावा लागतो, नेम धरावा लागतो. चिकाटी, नियोजन, बारकाव्यांकडे लक्ष असे बढतीला लागणारे सगळे गुण या माणसात असतात. फक्त ते उलट्या बाजूला जुंपलेले असतात.

माणसं असं का करतात, याचा एक देखणा प्रयोग १९७८ मध्ये स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केला. विद्यार्थ्यांना बुद्धीची कोडी दिली. काहींना सुटणारी, काहींना बहुतांशी सुटूच न शकणारी. निकाल मात्र सगळ्यांना सारखाच सांगितला: वा, उत्तम! मग दुसऱ्या फेरीआधी दोन औषधांमधून एक निवडायला सांगितलं. एकाने डोकं तल्लख चालतं, दुसऱ्याने मंदावतं, कुठलं हवं ते घ्या. ज्यांनी नुसते अंदाज ठोकून शाबासकी मिळवली होती, त्यांच्यातल्या बहुतेक मुलांनी डोकं मंदावणारं औषध निवडलं. हिशेब पक्का आहे. शाबासकी कशाबद्दल मिळाली ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं, म्हणजे दुसऱ्या फेरीत पितळ उघडं पडणार. औषध घेतलं की नापास झालो तर औषधामुळे, आणि पास झालो तर औषध घेऊनसुद्धा! दोन्हीकडून अब्रू शाबूत. मुलींमध्ये हा प्रकार तितका दिसला नाही. त्यांच्यासाठी कार्यालयांनी वेगळी सोय केलेली आहे, ती पुढे येईल.

नोकरीत हे औषध विकत आणावं लागत नाही. आदल्या रात्री सुरू केलेलं काम हे ते औषध. ‘मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं’ हेही तेच. एकाच वेळी अंगावर घेतलेली सात कामं ही तर त्याची मोठी बाटली. माझं म्हणणं असं की आधी सबब तयार होते आणि मग तिला शोभेल इतकं काम बिघडवलं जातं. म्हणूनच निश्चय करून किंवा भिंतीवर सुविचार लावून काही होत नाही. सबब सुविचाराला भीत नाही, ती त्याच्याच सावलीत बसते. तिचा कच्चा माल तोडावा लागतो, आणि तो प्रत्येक सवयीत वेगळ्या जागी दडवलेला असतो.

चालढकल सगळ्यांकडेच असते, म्हणून आधी तिचं बघू. तिच्याबद्दलचा जुना गैरसमज असा की ती वेळेची अडचण आहे. फ्यूशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलं की ही खरं तर मनःस्थिती सांभाळण्याची युक्ती आहे. काम समोर आलं की पोटात गोळा येतो. काम बाजूला सारलं की गोळा विरघळतो. या क्षणभराच्या सुटकेची चटक लागते. आता पोटातला गोळा वेळापत्रकाने कसा जाणार? उलट वेळापत्रकाच्या चौकटींना रंग देण्यात आणखी एक दुपार सत्कारणी लागते. डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांचा १९९७ चा अभ्यास आहे. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा मजेत होते, ताण कमी, दुखणीही कमी. सत्र संपताना मात्र सगळा हिशेब व्याजासकट आला, ताणही जास्त आणि दुखणीही जास्त, आणि गुण शेवटी कमीच. ‘मी दबावाखाली सर्वोत्तम काम करतो’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा. ते तो उद्या वाचतील.

इथला कच्चा माल म्हणजे कामाचं धूसर नाव. ‘अहवाल पूर्ण करणे’ असं यादीत लिहिलं की ते तिथे मुक्कामालाच येतं. पुढच्या आठवड्याच्या यादीतही तेच, फक्त अक्षर जरा रागावलेलं. त्याऐवजी ‘मागच्या तिमाहीची फाइल उघडून तिसऱ्या तक्त्यातली बेरीज तपासणे’ असं लिहावं. कसोटी सोपी आहे: ओळीत हाताने करता येणारं क्रियापद हवं आणि पाच मिनिटांत त्याची सुरुवात झालेली दिसायला हवी. ‘विचार करणे’, ‘बघणे’ आणि ‘पाठपुरावा करणे’ ही तीन क्रियापदं यादीत सापडली तर ती ओळ खोडून नव्याने लिहावी. या तिन्हींच्या नावाखाली माणूस पूर्ण पगारात खिडकीबाहेर पाहू शकतो.

मग प्रश्न उरतो कधी आणि कुठे याचा. जर्मनीत पेटर गोलविट्झर आणि फेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या आदली संध्याकाळ कशी गेली याचा अहवाल ४८ तासांच्या आत लिहायला सांगितला. सुट्टीत गृहपाठ, म्हणजे चालढकलीला आदर्श हवामान. काहींना एवढंच जादा करायला लावलं की आपण कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे आधी ठरवून ठेवा. ठरवणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनी अहवाल वेळेत लिहिला, न ठरवणाऱ्यांपैकी एक तृतीयांश. हा निकाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा वाक्याचा साचा असा: ‘अमुक झालं की मी तमुक करीन.’ अमुकच्या जागी मात्र रोज आपोआप घडणारी घटना हवी. ‘लॅपटॉप सुरू झाला की मेल उघडण्याआधी तक्ता उघडीन’ हे चालेल. ‘वेळ मिळाला की’ चालणार नाही, कारण वेळ कुणाला मिळाल्याची नोंद नाही. ‘मूड आला की’ तर मुळीच नाही. मूड काम सुरू केल्यावर विसाव्या मिनिटाला येतो, तोही उशिरा आल्याबद्दल माफी न मागता. याची बिघडण्याची जागाही ठरलेली आहे. एखाद्या रविवारी उत्साहाच्या भरात माणूस अशी बारा वाक्यं लिहितो आणि सोमवारी सकाळी लॅपटॉप सुरू झाला की एकदम बारा जणांची हाक येते. वाक्य एक ठेवावं. फार तर दोन.

संध्याकाळी उठतानाची एक युक्ती आहे: काम मुद्दाम अर्धवट, वाक्याच्या मध्यावर सोडायचं. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये दाखवलं होतं की अर्धी राहिलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितका ठसठशीत आला नाही, पण युक्ती तरीही उपयोगी आहे, कारण सकाळची पहिली हालचाल तयार मिळते. फक्त पुढे काय लिहायचं होतं ते खाली पाच शब्दांत टिपून ठेवावं. नाहीतर सकाळी पडद्यावर ‘या घसरणीचं मुख्य कारण म्हणजे’ एवढंच दिसतं आणि ते कारण रात्रीतून घर सोडून गेलेलं असतं.

चालढकलीची जुळी बहीण म्हणजे ‘संध्याकाळपर्यंत देतो’. हे वाक्य आश्वासन म्हणून उच्चारलं जात नाही, ते नमस्काराच्या बदली वापरतात. कुठली संध्याकाळ, हे दोन्ही पक्ष सभ्यपणे विचारत नाहीत. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ च्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, समजा जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं, तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणजे सर्वनाश गृहीत धरून केलेला अंदाजसुद्धा आशावादी निघाला.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. मागची सारख्या प्रकारची पाच कामं घ्यायची, प्रत्येकासमोर किती दिवस सांगितले आणि किती लागले ते लिहायचं, दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. वरच्या विद्यार्थ्यांचा हा आकडा १.६ च्या आसपास येतो. तुमचा जो येईल तो तुमचा गुणक. पुढच्या वेळी मनात ‘तीन दिवस’ आलं की तोंडातून तीन गुणिले गुणक बाहेर पडलं पाहिजे. नेमकी इथे गाडी घसरते. साहेब भुवया वर करतात, ‘पाच दिवस? एवढ्याशा कामाला?’ आणि आपण म्हणतो, ‘बरं, बघतो.’ झालं, गुणक गेला. तारखेवर घासाघीस करूच नये, कामाच्या आकारावर करावी: ‘गुरुवारीच हवं असेल तर आकडे देतो, आलेख सोमवारी.’ साहेबांना बहुतेक वेळा आकडेच हवे असतात. आलेख तुमचे तुम्हाला हवे असतात.

जादा दिवस मिळाले म्हणून सुटलो असंही नाही. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहून ठेवलंय की काम हाताशी असलेल्या वेळेइतकं फुगतं. त्यांनी ते सरकारी खात्यांना चिमटे काढताना लिहिलं, पण एका माणसाच्या खात्यातही ते तितकंच खरं आहे. वाढवून घेतलेले दोन दिवस फॉन्ट निवडण्यात जातात. म्हणून मध्येच एक तारीख ठेवावी आणि त्या तारखेला दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी पाठवायचं कबूल करावं. स्वतःला कबूल केलेल्या तारखेला किंमत नसते. ती कुणाकडून आली हे आपल्याला माहीत असतं.

मधल्या तारखेला काय पाठवायचं? इथे आपली गाठ सर्वांत प्रतिष्ठित सवयीशी पडते. मला सगळं परिपूर्णच लागतं, असं म्हणणारी माणसं हे वाक्य मुलाखतीत कमजोरी म्हणून सांगतात आणि हळूच हसतात. त्यांच्या लॅपटॉपवर ‘अहवाल_अंतिम’, ‘अहवाल_अंतिम_नवा’, ‘अहवाल_अंतिम_हाच’ आणि ‘अहवाल_अंतिम_हाच_२’ अशी एक वंशावळ नांदत असते आणि गेलेली असते चुकून दुसऱ्या पिढीतली. या सवयीचा कच्चा माल म्हणजे कुणीच न पाहिलेलं काम. न दाखवलेल्या कामाला कुणी वाईट म्हणू शकत नाही. तेव्हा ते तीस टक्क्यांवर असतानाच दाखवावं. तीस टक्के म्हणजे सगळी शीर्षकं, एक भाग पूर्ण लिहिलेला, आणि बाकीच्या रिकाम्या चौकटींत तिथे काय येणार त्याची एकेक ओळ. दाखवायचं कुणाला, तर जो ते वापरणार आहे त्याला. ऑफिसातल्या सर्वांत मायाळू माणसाला नव्हे. आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारायचं नाही. त्याला जगभर ‘छान आहे’ एवढंच उत्तर येतं. ‘यातला कुठला भाग काढून टाकला तर तुमचं काम अडेल?’ असं विचारलं की समोरच्याला पान वाचावंच लागतं. वरती ठळक लिहावं: हा कच्चा आराखडा आहे, दिशा चुकली का एवढंच सांगा. तरीही एकजण अनुस्वार दुरुस्त करून पाठवेलच. त्याचे आभार मानावेत, तो स्वतःच्या कामाची चालढकल करत असतो.

आता ती वेगळी सोय. प्रत्येक कार्यालयात काही कामं अशी असतात की ती झालीच पाहिजेत आणि ती केल्याने कुणालाही बढती मिळत नाही. मीटिंगचं इतिवृत्त, निरोप समारंभाची जुळवाजुळव, नव्या माणसाला प्रिंटर कसा रुसतो ते समजावणं. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तिघांचा गट, दोन मिनिटं, समोर एक बटण. कुणीतरी ते दाबलं तर सगळ्यांचा फायदा, पण दाबणाऱ्याला इतरांपेक्षा कमी. मिश्र गटांत बायकांनी ते पुरुषांच्या जवळपास दीडपट वेळा दाबलं. नुसत्या पुरुषांचे आणि नुसत्या बायकांचे गट केले तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे बटण कुठे असतं हे पुरुषांना नीट ठाऊक आहे. खोलीत बाई आली की ते त्यांना दिसेनासं होतं.

‘हे कोण करेल?’ या प्रश्नानंतर मीटिंगमध्ये एक शांतता पसरते. ती अंगावर येते, म्हणून आपण हात वर करतो आणि पुढचे तीन तास देऊन टाकतो. त्या शांततेत वहीत काहीतरी लिहावं. तारीख लिहावी. ती लिहून संपली तर वार लिहावा. त्याहून बरा उपाय म्हणजे इतिवृत्ताची पाळी आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने लावून घेणं, म्हणजे शांततेचं कामच उरत नाही. हे सुचवायला एकदाच धीर लागतो. नकाराला मात्र दर वेळी लागतो.

नकाराची कृती तीन टप्प्यांची आहे. जागेवर ‘हो’ म्हणू नये, ‘नाही’ही म्हणू नये; ‘हातातली यादी बघून चार वाजेपर्यंत सांगतो’ म्हणावं. मग चार वाजता खरंच सांगावं, कारण पाच वाजले की ही चालढकलच, फक्त इस्त्री केलेली. आणि सांगताना कारण एकच द्यावं. लोक चार देतात: काम आहे, शिवाय डोकं दुखतंय, शिवाय घरी पाहुणे, शिवाय मला ते सॉफ्टवेअर येत नाही. समोरचा त्यातलं सर्वांत अशक्त कारण उचलतो. ‘सॉफ्टवेअर ना? मी शिकवतो की!’ आता काम करायचंच, वर शिकवणीही घ्यायची. विचारणारे साहेब असतील तर नकाराऐवजी अदलाबदल मांडावी: ‘हे घेतो. मग बुधवारचा तक्ता सोमवारी गेला तर चालेल का?’ तक्ता आणि हे, दोन्हींचं ओझं आता ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्या टेबलावर आहे.

सगळ्यांत महागडी सवय मात्र दिसायला सर्वांत सालस आहे: ‘माझं काम बोलेल.’ काम बोलत नाही. कामाला तोंड नसतं. तोंड तुम्हाला आहे आणि ते तुम्ही अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराचं काम जोखण्याच्या, महिन्यात मिटून घेता. बऱ्याच कंपन्यांत तुमचा दर्जा तुमच्या समोरच्या बैठकीत ठरतच नाही. तो त्याआधी, सगळे व्यवस्थापक मिळून बसतात त्या खोलीत ठरतो. तिथे तुमच्या साहेबांना तुमच्याबद्दल बोलायला मोजकी मिनिटं असतात आणि मागणारे बरेच. त्या मिनिटांत ते काय वाचून दाखवणार? तुम्ही फॉर्मवर लिहिलंय ते. आणि तुम्ही लिहिलंय, ‘टीमला सर्वतोपरी सहकार्य केलं.’

याची तयारी फॉर्म आल्यावर होत नाही. साहेबांना शेवटचे दोन महिने आठवतात, तुम्हाला तर शेवटचे दोन आठवडे, आणि वर्षाच्या सुरुवातीला केलेला पराक्रम दोघांच्याही स्मरणातून उतरलेला असतो. म्हणून दर शुक्रवारी निघण्याआधी दहा मिनिटं काढून तीन ओळी लिहाव्यात, प्रत्येकीला तीन रकाने: काय केलं, त्याने काय बदललं, आणि हे कुणाला माहीत आहे. पहिला रकाना झरझर भरतो. दुसऱ्यापाशी पेन थांबतं. तिसरा रिकामाच राहतो, आणि खरा रोग तिथे आहे. तिसरा रिकामा दिसला की त्याच शुक्रवारी दोन ओळींचा मेल टाकावा: अमुक काम झालं, त्यामुळे आता तमुक लागत नाही. वर्षाला साधारण दीडशे ओळी जमतात. त्यातल्या चांगल्या दहा फॉर्मवर जातात, बाकीच्या वाईट दिवशी वाचायला ठेवाव्यात. कंपनीची गोपनीय माहिती किंवा ग्राहकांची नावं मात्र या वहीत उतरवू नयेत. ही वही घरी न्यायची असते.

आता वाक्यं. ‘हातभार लावला’, ‘समन्वय साधला’ आणि ‘सहभाग होता’ ही तीन क्रियापदं फॉर्मवरून हद्दपार करावीत. मीटिंगमध्ये सहभाग खुर्चीचाही असतो. ‘रिपोर्टिंगमध्ये सुधारणा करण्यात मोलाचा वाटा उचलला’ याच्या जागी ‘महिनाअखेरचा अहवाल तीन दिवसांऐवजी एका दिवसात निघेल असा तक्ता तयार केला, चार विभाग तो वापरतात’ असं लिहिलं की साहेबांना वाचतानाही बरं वाटतं, कारण आता ते त्यांचंही यश असतं. आकडा नसेल तर आधी आणि नंतरची परिस्थिती लिहावी. ओढूनताणून टक्केवारी काढू नये. ‘कार्यक्षमता ३७ टक्क्यांनी वाढवली’ असं लिहिणाऱ्याला ‘कशी मोजली?’ हा पहिलाच प्रश्न आडवा करतो.

आणखी एक खोड असते. यश आलं की ‘आम्ही केलं’, फसलं की ‘माझं चुकलं’. हे फार उदात्त आहे आणि कागदावर फार वाईट दिसतं, कारण वर्षभराचा हिशेब लावला तर यशात तुम्ही कुठेच नाही आणि प्रत्येक अपयशात एकटेच आहात. ‘सहा जणांनी मिळून केलं, त्यातली चाचणी माझ्याकडे होती’ असं लिहिता येतं. खोटं नाही, बढाई नाही, सापडायलाही सोपं. ‘सुधारणेला वाव’ या चौकटीत ‘मी फार मेहनत करतो’ लिहिणाऱ्यांना मी वर मुलाखतीत भेटवलंच आहे. तिथे एक खरी उणीव लिहावी, जिच्यावर काम सुरू झालंय, आणि कधीपासून ते. हे सगळं व्यवस्थापक एकत्र बसण्याच्या निदान दोन आठवडे आधी साहेबांच्या हातात पडावं. नंतर दिलं तर ते आत्मचरित्र.

या सगळ्यात एखाद्या आठवड्यात घसरण होणारच. तेव्हा स्वतःला शिव्या घालण्याचा जो कार्यक्रम होतो, तोसुद्धा धोंड्यांच्याच खाणीतला आहे. दोन तास पश्चात्ताप केला की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि काम तिथेच असतं. मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पाहिलं की पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. कारण उघड आहे: काम दिसलं की आता पोटात गोळ्याबरोबर लाजही येत नाही. आणि २१ दिवसांत सवय लागते हेही डोक्यातून काढावं. १९६० मध्ये एका प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की माणसाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. पुढे चेहरा गळला, ‘निदान’ गळलं, आकडा तेवढा उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या अभ्यासात ९६ जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्या सवयी मोजल्या. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, निघाला ६६ आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून वही बंद करणाऱ्यांनी किमान सहासष्टाव्यापर्यंत तरी हार मानायची घाई करू नये.

एक छोटी सवय राहिली. कुणी कौतुक केलं की ते जमिनीवर पडायच्या आत परत फेकणं. ‘प्रेझेंटेशन छान झालं.’ ‘छे हो, सातव्या स्लाइडवर किती गोंधळ झाला!’ सातवी स्लाइड कुणाला आठवतही नव्हती. आता आठवेल. १९७८ हे साल या विषयाला फळलेलं दिसतं, कारण त्याच वर्षी पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी अशा कर्तबगार स्त्रियांबद्दल लिहिलं, ज्यांना पदव्या आणि मानसन्मान मिळूनही आतून वाटत होतं की आपण सगळ्यांना फसवलंय. पुढे हे पुरुषांतही सापडलं, पण ते कबूल करायच्या आधी सातव्या स्लाइडबद्दल बोलतात.

उपाय म्हणजे ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि तीन सेकंद ओठ मिटून ठेवायचे. पहिला सेकंद सहज जातो. दुसऱ्याला जिभेच्या टोकावर ‘पण’ येऊन उभा राहतो. तो बहुधा निसटतोच. निसटला तर त्याला सातव्या स्लाइडकडे जाऊ न देता कामाकडे वळवावं: ‘पण पुढच्या वेळी आकडे दोन दिवस आधी मिळाले तर याहून चांगलं करता येईल.’ साहेब म्हणतील, ‘बघू.’ तिथल्या तिथे तारीख विचारून घ्यावी.